"दुरुस्ती चालू आहे, लवकरच भेटू"

मंडळी, आपला गेम कायमचा बंद झालाय. आज जव्हारच्या सायबर कॅफेत बसलो असताना एका दुसऱ्या खेळाडूकडून कळलं. कंपनीकडून नाही.

मी जामसरचा, फक्त बाजाराच्या दिवशी जव्हारला येतो. बरेच आठवडे गेम उघडला की एकच ओळ दिसायची, दुरुस्ती चालू आहे, लवकरच भेटू. आमच्याकडे लाइट रोजच जाते. म्हणून मी कॅफेवाल्या काशिनाथभाऊंना सांगायचो, "कंपनीकडेही लोडशेडिंग असेल हो, येईल परत." तुम्ही इथे आपल्या ग्रुपवर चिडलात तेव्हाही कंपनीची बाजू घेऊन मीच तुमच्याशी भांडलो!

पण बंद करायचं त्यांचं आधीच ठरलं होतं. "तुम्ही आमचं कुटुंब" असं सारखं लिहिणाऱ्या त्यांच्या माणसाला मी कंपनीच्या फोरमवर विचारलं, "आधी का नाही सांगितलं?" त्याने माझा प्रश्न पुसून टाकला आणि मलाच फोरमबाहेर काढलं.

घरी निघताना बाजारात सुकट घेतली. पिशवी हातात देत सुकटवाली मावशी म्हणाली, "पुढल्या बाजाराला मी नाय येणार हां, भाचीचं लगीन हाय. वाट नको बघू."

तिला माझं नावसुद्धा माहीत नाही, मंडळी.