जळालेल्या रोपांचा व्हिडिओ

बोरी बुद्रुकला आमची टोमॅटो-मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे. गेल्या उन्हाळ्यात रोपांवर सावली धरणारं शेडनेट फाटलं आणि काही ट्रेमधली रोपं जळाली. आमच्याकडं कामाला असलेल्या, मूळच्या घाटघरच्या एका बाईंनी ती फेकून देताना व्हिडिओ काढून व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. लगेच शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले, "रोपं मेली म्हणं तुमची?"

नवरा चिडून म्हणाला, "उद्यापासून सगळ्यांचे मोबाईल गेटवर ठेवून घे."

मला ते पटेना. घरी लहान मुलं ठेवून येणाऱ्या बायकांचे फोन कसे काढून घ्यायचे? मी बाईंना बाजूला बोलावलं. त्या घाबरल्या होत्या. "ताई, मी खोटं काय टाकलं न्हाई. गंमत म्हणून व्हतं."

"खोटं नाही, पण अर्धंच आहे," मी म्हणाले. "ही रोपं आपण विकणार नाही, हे कुठं सांगितलंत?"

मग त्यांनीच दुसरा व्हिडिओ केला. त्यात फाटलेलं नेट, खड्ड्यात टाकलेली रोपं आणि शेजारची हिरवीगार रोपं, सगळं दाखवलं. फोन हळूहळू थांबले.

तेव्हापासून नर्सरीतलं काही टाकायचं तर आधी मला दाखवायचं, एवढंच ठरलं. घरचं, सणावाराचं मात्र त्या हवं ते टाकतात, आणि मी आवडीनं बघते.