काचमाडीसमोर काढलेला शांतेचा फोटो

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. फोटोग्राफीचा धंदा करणाऱ्याला तो परवडतही नाही. लोक कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवरचा डाग दाखवून ‘हा आमचा मेलेला आजा’ म्हणतात, आणि तो आपल्याच ओल्या अंगठ्याचा ठसा आहे हे आम्हाला ठाऊक असतं. तरी हे लिहितोय... कारण जे झालं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत झालं, आणि माझ्याच कॅमेऱ्यात.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला वर्ष-दोन वर्षं असतील. खामगावात कापसाच्या बाजाराकडून येणाऱ्या रस्त्यावर एका व्यापाऱ्याची दुमजली इमारत होती, तिला सगळे काचमाडी म्हणत. दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत रंगीत काचा आणि फुटक्या चिनी बशांचे तुकडे बसवून मढवलेली — मोर, वेली, सूर्यफुलं. सकाळचं ऊन पडलं की समोर उभ्या माणसाच्या धोतरावर लाल-निळे ठिपके हलत. बाजाराच्या दिवशी आम्ही तीन-चार फोटोग्राफर तिथे कॅमेरे मांडायचो. फोटो काळा-पांढराच निघायचा, पण पार साखरखेर्ड्याहून आलेल्या माणसालाही तो काचमाडीसमोरच पाहिजे असायचा!

शांता सतरा वर्षांची होती. वडनेर भोलजीचं एक स्थळ आलं होतं, त्यांनी फोटो मागवला. तीही म्हणाली, काचमाडीसमोरच काढ.

साडेनऊची वेळ. तिने डाळिंबी पातळ नेसलं होतं, केसांत अबोलीचा गजरा. मी तिला खुर्चीशेजारी उभं केलं आणि काळ्या कापडात डोकं घातलं. ज्यांनी तो जुना कॅमेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो — मागच्या दुधी काचेवर समोरचं सगळं उलटं दिसतं, पण रंगीत दिसतं. रंग जातात ते नंतर, प्लेटवर.

काचेवर भिंत दिसली. हिरवे मोर, पिवळी फुलं, सगळं लखलखीत. खुर्चीची गादी निळी. आणि शांता... राखेसारखी. पातळ करडं, गजरा करडा, चेहरा, हात — सगळं करडं.

मी डोकं बाहेर काढलं. डाळिंबी पातळ, हसरा चेहरा. परत आत गेलो. करडी. तेवढ्यात तिच्या मागून लाल पागोटं घातलेला एक माणूस गेला. ते लाल पागोटं तिच्या करड्या खांद्यामागून सरकत गेलेलं मी स्पष्ट पाहिलं.

भिंग पुसलं. तिला पलीकडे निंबाखाली उभं करून पाहिलं — तिथे ती नीट रंगीत! परत भिंतीसमोर आणली... पुन्हा तेच.

“दादा, किती येळ? उन्ह लागून राह्यलं मले,” ती म्हणाली. “कशी दिसून राह्यली मी?”

“छान,” मी म्हटलं, आणि प्लेट घातली.

आमच्यात सगळ्यात जुने फोटोग्राफर रहीमचाचा. ते बाजूलाच होते. मी तिची जागा पुन्हा पुन्हा बदलली ते त्यांनी पाहिलं. शांता घरी गेल्यावर मला ओट्यावर बसवलं आणि हळूच विचारलं, “काचेत रंग नव्हता का तिले?”

मी त्यांना एक शब्दही सांगितलेला नव्हता.

“मले माही बायको दिसली तशी,” ते म्हणाले. “याच जागी. मी तिले सांगून टाकलं. मंग सहा महिने ती रोज मरत होती बेटा. जेवन सुटलं, झोप सुटली. शेवटी गेलीच. तू नको सांगू.”

“काही करता येत नाही का?”

“म्या सारं केलं. हकीम, डॉक्टर, दर्गा. काहीच नाही झालं.”

मी तरी शांतेला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे. वडनेरच्या मंडळींना फोटो पसंत पडला. मी लग्न पुढे ढकलायची खटपट केली, पण कारण काय सांगणार? अण्णा, म्हणजे आमचे वडील, माझ्यावर कडाडले. शेवटी शांताच मला म्हणाली, “होऊ दे दादा लगन. जेवढं होईल तेवढं होऊ दे.” त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

लग्न झालं. माणसं चांगली होती. दोन महिन्यांनी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला म्हणून जावई तिला बैलगाडीत घालून आमच्याकडे घेऊन आले. एकविसाव्या दिवशी दुपारी आई पाणी आणायला उठली, मी एकटाच उशाशी होतो.

“दादा,” ती म्हणाली, “तू त्या कापडातून तोंड बाह्यर काढलं ना, तवाच समजलं मले, आता माहं काही खरं नाही. काय पाह्यलं होतं तुनं?”

मी तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

“काऊन नाही बोलला रे? मले लई भेव वाटे... एकटीले.”

मी तेव्हाही काही बोललो नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती गेली.

चार महिने तिने ते एकटीने सोसलं आणि मी एकट्याने. चाचांनी सांगून पाहिलं, मी न सांगून पाहिलं.

पुढे मी डोळे तपासून घेतले — दोष नाही. भिंग दोघातिघा जाणकारांना दाखवलं — दोष नाही. त्याच कॅमेऱ्याने त्याच जागी इतरांना पाहिलं, सगळे रंगीत. मग मी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. लोक पुरावा मागतात. फोटो आहे माझ्याजवळ, पण त्यात भिंतही करडी आणि शांताही करडी... कोणाला काय दाखवू?

काचेत काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. आणि सांगता आलं असतं, तरी त्या दुपारी मी तिच्याशी बोललो नाही ते काही बदलत नाही.