भाऊजींचं सफरचंदाचं पिठलं

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका उतावळा माणूस कर्जतपासून कल्याणपर्यंत दुसरा जन्मला नसेल. भाऊजींचा चहा उकळायच्या आत गाळलेला असतो आणि केळं पिकायच्या आत सोललेलं. कात्रपला त्यांच्या घराजवळच्या विहारात सगळे एका सुरात वंदना म्हणत असतात तेव्हा भाऊजी एक ओळ पुढे असतात. एकदा तर शेवट गाठून ते चपला शोधायला लागले होते. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांचं भाषण लांबलं, तर यांनी पुढे होऊन ताटातला हार स्वतःच गळ्यात घालून घेतला. "तुमचं चालू द्या साहेब, मी ऐकतोय," म्हणाले.

अशा माणसाला त्यांच्या बंगळूरच्या लेकीनं विजेवरचा स्लो कुकर आणून दिला. सकाळी लावला की दुपारपर्यंत मंद आचेवर शिजतं, असं तिनं कौतुकानं समजावलं. "एवढ्या वेळात माणूस बारवी धरणावर जाऊन, जेवून, झोप काढून परत येतो," भाऊजी म्हणाले, आणि कुकर कपाटावर गेला.

मग ताईच्या घशाचं दुखणं निघालं. किरणांचे उपचार सुरू झाले आणि घसा आतून सोलवटून निघाला. खिचडी टोचायची, पेज झोंबायची. अशीच खंगत गेली तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताईनं त्या नळीची धास्तीच घेतली. लेकीनं फोनवर सांगितलं, "पप्पा, सफरचंदं सोला, फोडी करा, थोडंसं पाणी घालून कुकर लावा. साखर नको, मसाला नको. आणि झाकण उघडायचं नाही! दर वेळी वाफ जाते."

भाऊजी उल्हासनगरच्या बाजारात गेले. सिंधी फळवाला म्हणाला, "बीमार के लिए है ना साईं? ये नरमवाला लो, जल्दी गलेगा." 'जल्दी' ऐकल्यावर भाऊजींनी पेटीच उचलली.

पहिल्या दिवशी त्यांनी झाकण इतक्यांदा उघडलं की फोडी कच्च्याच राहिल्या. ताईनं घास तोंडात धरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं तो वाटीत टाकला. दुसऱ्या दिवशी कुकर लावून भाऊजी समोर खुर्चीत बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. फोडी जरा मऊ पडायला लागल्या असतील, तोच वीज गेली. दुरुस्तीसाठी गेलेली, म्हणजे संध्याकाळपर्यंत येणार नव्हती.

मी अंबरनाथला राहते. भर दुपारी दार उघडलं तर समोर भाऊजी, ताईच्या शालीत गुंडाळलेला कुकर छातीशी धरून.

"अगंबाई, काय आणलंत?"

"प्लग कुठाय आधी सांग."

रिक्षानं आले होते. रिक्षावाल्याला वाटभर "हळू चालव रे बाबा" सांगत आले म्हणे. कुकर माझ्या दिवाणाशेजारी लावला आणि पुढ्यात जमिनीवर मांडी घालून बसले. मी चहा दिला, तो निवला. घरभर सफरचंदाचा गोडसर वास सुटला.

"झालं असेल भाऊजी. बघू का?"

"बस गं. घाई करू नये."

मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले.

ऊन उतरल्यावर त्यांनी झाकण काढलं. फोडी चमचा लावताच मोडत होत्या. मी रवीनं घुसळलं, गाळणीतून काढलं. भाऊजी वाकून बघत म्हणाले, "पिठलंच झालं की गं!" तेच नाव पडलं.

आम्ही दोघं कात्रपला गेलो. ताईनं चमचा तोंडात घेतला. आम्ही तिच्या गळ्याकडे बघत होतो. घास खाली उतरला. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

"गोड झालंय का?" भाऊजींनी विचारलं.

"छान झालंय," ती पुटपुटली.

नळी लागली नाही. उपचार संपेपर्यंत भाऊजी रोज तेच रांधत राहिले. आता ताई भाकरीशी ठेचा खाते. परवा भाऊजी खाली दूध आणायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, "तुला सांगते, तेव्हा माझ्या तोंडाला चवच नव्हती. गोड की खारट, काही कळायचं नाही. नुसतं कोमट कोमट उतरायचं."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

ताई जिन्यातल्या पावलांचा कानोसा घेत म्हणाली, "छान झालंय म्हटलं, की मग ते स्वतः जेवायला बसायचे गं."