गिटारनंतरचा बेस

पन्नाशी उलटल्यावर माणसानं नवीन वाद्य शिकायच्या भानगडीत पडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मी पडलो, कारण मानेतली नस दबली आणि डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. बेस गिटारची तार जाड असते, दाबायला जोर लागतो. माझं बोट तारेवर जायचं, पण ती दाबली गेली की नाही, हे मला आवाज आल्यावरच कळायचं. बहुतेक वेळा फट्ट असा मेलेला आवाज यायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेला पट्टा दिला आणि गिटार गळ्यात अडकवायची नाही म्हणून बजावलं. आयुष्यात धड येत होतं ते तेवढंच होतं.

दिवसा मी इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात बसतो. सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. रिसेप्शन, हळद, गणपती, जयंती, कुणाच्या वडिलांची साठी, जे मिळेल ते. ऑर्केस्ट्राचा मालक स्वतः कीबोर्ड वाजवतो. आम्ही मिसरूड फुटल्यापासून सोबत आहोत, म्हणून त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. "भाऊ, हे लग्नाचं सीझन पाहतो. नाही जमलं तं कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर बेसचा आवाज लावून घेतो अन् डाव्या हातानं मीच वाजवतो. पार्टीवाले तसेही माणसं कमी करा म्हणून राहिले." तो वाईट माणूस नाही. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. स्टेजवरची माझी जागा म्हणजे ड्रमच्या बाजूचा हातभर तुकडा, पण तो माझा होता.

उपाय मीच शोधला. बेस सिंथेसायझर नावाची वस्तू असते. दिसायला छोटा कीबोर्ड, पण त्यातून फक्त खालचा, जाड आवाज निघतो. एका वेळी एकच सूर वाजतो आणि त्याला एकच हात पुरतो. उजवा हात माझा ठणठणीत होता. मग मी मोबाईलवर व्हिडिओ पाहायला लागलो. त्यातली पोरं कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बटणं पिळतात आणि त्यातून डराव डराव आवाज काढून खूश होतात. एकानंही ते यंत्र घेऊन मांडवात गाणं वाजवून दाखवलं नाही. मी इतका वैतागलो की बायको म्हणाली, "घ्यायचं असेल तं घेऊन टाका एकदाचं, पण घरात ही कुरकुर नको."

सीताबर्डीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तीन नग काढले. पहिला स्वस्त, रंगीबेरंगी दिवे लागणारा, पट्ट्या इतक्या बारीक की माझं एक बोट दोन पट्ट्यांवर पडायचं. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना लाकूड, आवाज असा की डोळे मिटावे. किंमत विचारली आणि डोळे उघडले. तिसरा जुनं मॉडेल, काळा, बोजड, पण पट्ट्या पुऱ्या मापाच्या आणि मोजकी बटणं. हेडफोनवर तो अगदीच साधा वाटला. दिवेवाला मात्र कानात गरजत होता. दुकानदार म्हणाला, "काका, हाच घ्या, सगळे हाच नेतात." सगळे नेतात म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पण हेडफोनवरच्या बेसचा काही भरवसा नसतो. आमच्या ऑर्केस्ट्राचा स्वतःचा एक जुना, कपाटाएवढा स्पीकर आहे. मांडव कुठलाही असो, बेस त्यातूनच निघतो. पुढच्या रविवारी तो स्पीकर ऑटोत घालून मी दुकानात घेऊन गेलो. ऑटोवाल्यानं विचारलं, "काका, फ्रिज आहे काय?" दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं. "एक वस्तू घ्याले अख्खा मांडव आणला तुम्ही," म्हणाला. आणणारच. माझे पैसे, माझी मान.

दिवेवाला जोडला. त्याचा खालचा आवाज कुठं गेला ते त्यालाच ठाऊक, नुसतं माश्यांसारखं घोंघावणं उरलं. काळा जोडला, सगळ्यांत खालची पट्टी दाबली आणि शोकेसच्या काचा थरथरल्या. भिंतीला टांगलेल्या बासऱ्याही हलल्या. आवाज बदलायला एक गोल बटण फिरवलं की झालं. स्टेजवर चष्मा लावून बारीक स्क्रीन वाचणं मला जमणार नव्हतं, इथं स्क्रीनच नव्हता. मी काळा घेतला.

सराव मालकाच्या घरी केला. गिटारवर माझा हात आपोआप जायचा. या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवर मात्र सगळा अंधार. मालक म्हणाला, "माह्या हाताकडे पाहत जाय अन् मी दाबतो तेच तू दाब. सोपं आहे." खरंच सोपं होतं. त्याचा हात जिथं जाई तिथं माझं बोट जाई. दोन-तीन रविवारांत बरंच बसलं. घरी गेलो की पाठ धरायची, मान धरायची, तरी बरं वाटायचं.

पहिला कार्यक्रम मौद्याला, हळदीचा, भरदुपारी. गायिका सरावाला कधीच येत नाही, तिची शाळेची नोकरी आहे. ती स्टेजवर आली आणि मालकाला म्हणाली, "दादा, आज गळा मोकळा आहे, काळी दोनमध्ये घ्या." म्हणजे तिला नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गायचं होतं. आमच्या ऑर्केस्ट्रांमध्ये अशा वेळी कीबोर्डवाला बोटं बदलत नाही. तो ट्रान्सपोजचं बटण दाबतो. बोटं त्याच जुन्या पट्ट्यांवर फिरतात, आवाज आपोआप वर चढतो. इतकी वर्षं मी त्याच्या बाजूला उभा होतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गिटार वाजवताना त्याच्या हाताकडे पाहायची गरज कधी पडलीच नव्हती. सूर कानात पडायचा, बोटं जायची.

गाणं सुरू झालं. मी इमानदारीत त्याच्या हाताकडे पाहिलं आणि तेच वाजवलं. त्याचा आवाज वर चढलेला, माझा खालीच. आणि स्पीकर कपाटाएवढा. नवरीची काकू नाचता नाचता थांबली. गायिकेनं कानावर हात ठेवला. मालकानं माझ्याकडे न पाहता तळवा खाली केला, म्हणजे थांब. मी आवाजाचं बटण बंद केलं आणि उभा राहिलो. घामानं शर्ट भिजला होता. संपलं, असंच वाटलं मला. घरी जाऊन काय सांगायचं, याचा विचारसुद्धा करून झाला.

ड्रमवाला माझ्याकडे वाकला. "काहून थांबला गा?"

"सूर जुळत नाही."

"मंग जुळव ना. बेस नाही तं माहे हात चालत नाही." एवढं बोलून तो आपल्या कामाला लागला.

मी मालकाकडे पाठ केली. स्पीकरजवळ सरकलो, आवाज अगदी बारीक ठेवून एकेक पट्टी दाबून पाहिली. नाही. हीपण नाही. मग एक सापडली. ती गाण्याच्या आवाजात विरून गेली, तेव्हा कळलं की हीच. तेवढी एकच धरून ठेवली, तालावर, लांबलचक. मग तिच्या सोबतीची दुसरी सापडली. हळूहळू आवाज वाढवला. काकू पुन्हा नाचायला लागली. पुढची सगळी गाणी मी तशीच काढली, मालकाच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. कुठं चुकलो, कुठं नुसताच एक सूर धरून बसलो, पण बेस थांबू दिला नाही. शेवटच्या गाण्यापर्यंत मी इतका थकलो होतो की टाळ्यासुद्धा धड ऐकू आल्या नाहीत.

परत येताना मालक गाडीत पुढं बसला होता, मी मागं, सामानाच्या बाजूला. मौदा मागं पडलं तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, "एक सांगू काय? डाव्या हातानं बेस वाजवून पाहिला मी घरी."

मी सामानावरून पुढं वाकलो. "मंग?"

"जमते. चांगलं जमते." मग म्हणाला, "पण मंग गाणं काही ऐकू येत नाही. सारा जीव त्या हातात अडकून राहते. तू बाजूले उभा राह्यला की मले त्याची फिकीरच नसते."

मला रडू आलं, उगाच कशाला लपवू. खिडकीकडे तोंड केलं आणि आवाज शक्य तितका चढवून म्हटलं, "ते ठीक आहे. पण पुढच्या वेळी ते बटण दाबशील तं सांगत जाय."

"कायले सांगू," तो म्हणाला. "तुले ऐकू येते."