चावी ज्याच्या दारी

दाजी गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता कॉलनीचं पाणी बंद पडणार. सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसलं गेलं आणि या गृहस्थाला पाण्याची पडलीय, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. सुकदेव दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी उभा जन्म काढला आणि तिथेच, दुपारच्या पाळीला, छातीत कळ आली म्हणून खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. मी सरकारी नोकर. डोक्यावर साहेब नसला की माणसं काय करतात हे रोज डोळ्यांनी बघणारा. दाजींचं मात्र ठाम मत होतं, की आज ना उद्या माणसांना सरकार लागणारच नाही. यावरून आमचं जे भांडण चालू होतं ते अर्धवट टाकून ते गेले, याचा मला अजून राग येतो.

त्या भांडणाचं मूळ पाण्यात आहे. डिंडोलीत आमची कॉलनी वसली तेव्हा तिकडे नळ पोचलेला नव्हता. सगळ्यांनी मिळून बोअर मारली, चार गल्ल्यांना चार पाइप टाकले. व्हॉल्व्ह उघडायला हातभर लांब, आडव्या मुठीची एक लोखंडी चावी. कॉलनीत ना अध्यक्ष, ना कमिटी, ना मोटारीच्या खोलीला कुलूप. ज्या घराची पाळी त्याच्या दाराच्या खिळ्याला चावी आठवडाभर लटकणार, रविवारी ती शेजारच्या दारी जाणार. त्यातही एक रीत होती. चावी ज्याच्या दारी, त्याची गल्ली सगळ्यात शेवटी. बोअर आटली, मोटार तापली, तर कमी पडायचं ते त्याच्याच गल्लीला. हे कोणी ठरवलं म्हणून विचारलं की जो तो म्हणायचा, "पयलेपासून आसंच शे."

मला हे कधीच पटलं नाही. खानदेशातून पोट भरायला आलेली, एकमेकांच्या गावांची नावं धड माहीत नसलेली ही माणसं, आणि म्हणे स्वतःची गल्ली शेवटी सोडतात! माझं घर ताईच्या घराला लागूनच. रोज सकाळी दात घासत मी गच्चीवर उभा राहायचो आणि कोण कुठला व्हॉल्व्ह आधी उघडतो ते बघायचो. कोणी तरी चोरी करत असणारच, मला फक्त ती सापडत नव्हती. दाजी खालून बघून हसायचे. "बापू, सरकार म्हंजे काय रे? दुसरावर नजर ठेवाले ठेयेल मानूस. आपलावर आपनच नजर ठेयी, तं त्याले पगार कसाले देवाना?" मी म्हणायचो, "दाजी, आपल्यावर आपण नजर ठेवणारा माणूस मला एक दाखवा." ते बोट करायचे ते गच्चीकडे, माझ्याकडेच.

चौऱ्याण्णव साली प्लेगची साथ आली आणि मला वाटलं, आता दाजी कात्रीत सापडले. अर्धं शहर मिळेल त्या गाडीने पळालं, आमची अर्धी कॉलनी खानदेशात गेली. तेवढ्यात रविवार आला. ज्याची पाळी संपली त्या माणसाने गावाला निघताना रीतीप्रमाणे चावी शेजारच्या दारी लटकवली. त्या दाराला कुलूप होतं! ती मंडळी आदल्या दिवशीच गेली होती. आणि मागे राहिलेली शहाणी माणसं रिकाम्या हंड्यांशी बसून त्या चावीकडे नुसती बघत राहिली. तोंडाला रुमाल बांधलेले, घरात प्यायला पाणी नाही, आणि चावीला हात कोणी लावेना. मी दाजींना म्हटलं, "घ्या की काढून." तर म्हणतात, "पाळी मनी नही, मी कशी लेऊ?" दुसऱ्या दिवशी ताई पदर खोचून उठली, चावी काढली आणि चारही गल्ल्या सोडून आली. आपली शेवटी, हे सांगायला नकोच. मी दाजींना सोडलं नाही. म्हटलं, बघा, हुकूम देणारा कोणी नसला की माणसं तहानेने मरतील पण हलणार नाहीत. पुढे गावाला जाणारा माणूस उघडं दार शोधून तिथे चावी देऊ लागला. तेही कोणी ठरवलं ते कळलं नाही.

कळलं नाही म्हणजे... मला संशय होता. संध्याकाळी दाजी कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावर चहा पीत बसलेले दिसायचे, आणि ज्याच्याकडे बसायचे तो चार दिवसांत सुतासारखा सरळ झालेला असायचा. एकदा मी तोंडावर म्हणालो, "दाजी, सरकार नको म्हणता, पण इथलं सरकार तुम्हीच आहात. तुम्ही आहात म्हणून हे चाललंय." मी त्यांना चिडलेलं तेव्हा एकदाच पाहिलं. कप खाली ठेवून म्हणाले, "मी मरसू, तव्हय तुले समजी."

आणि आता ते मेले होते. मी अक्षरशः वाट बघत होतो. दहाव्याच्या आधीच मागच्या गल्लीतले रामदासभाई आले आणि हळूच म्हणाले, "आता एक प्रमुख नेमू, कुलूप पण लावून टाकू." मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात रविवार आला आणि पाळी दाजींच्याच घराची. सुतकाचं घर म्हणून रामदासभाईंनी चावी पुढच्या दारी न्यायला घेतली. ताई कोपऱ्यात बसली होती, तिथूनच म्हणाली, "पाळी आमनी शे. चावी आठेच ऱ्हाऊ द्या." बाईमाणसाने सुतकात बाहेर पडावं का, यावर चार बायका कुजबुजल्या. ती मात्र आठवडाभर उन्हात जाऊन वाकून व्हॉल्व्ह उघडत होती. चावी फिरवताना ती रडायची. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग चावी माझ्या दारी आली. उन्हाळ्याचे दिवस, बोअर आटलेली, घरात दुखवट्याला आलेले पाहुणे. सौ. म्हणाली, "आज आपली गल्ली जरा आधी सोडा, कोण बघतंय?" खरंच कोणी बघत नव्हतं. मी नीट बघून घेतलं, गच्च्यासुद्धा. आपल्या गल्लीच्या व्हॉल्व्हमध्ये चावी घातली... आणि काढली. पहिल्या गल्लीकडे चालत गेलो. आमच्या पिंपात त्या दिवशी अर्धंच पाणी आलं.

माझा हात धरला कोणी? दाजींनी धरला असेल, तर सरकार होतंच आणि भांडण मी जिंकलो. मीच आवरला असेल, तर ते जिंकले. दोन्ही बाजूंनी विचार करून थकलो, आणि वाद घालायला ते नाहीत याचं खूप वाईट वाटतं. रविवारी चावी शेजारच्या दारी लटकवून आलो. दुसऱ्या सकाळी दात घासायला गच्चीवर गेलो नाही. ताईच्या ओट्यावर, दाजी बसायचे तिथे, चहा घेऊन बसलो आणि पाणी यायची वाट बघत राहिलो.