शेळगावची घोंगडी आणि विनिपेगचा पाळणा

शेळगावला जाण्याचे आम्ही श्रीधरच्या पत्रावरून ठरवले. आणि त्या पत्रात नेमके, घोंगडी पाठवू नका, असे लिहिलेले होते.

श्रीधर हा आमचा एकुलता मुलगा. चार वर्षांपासून तो कॅनडात विनिपेग येथे धान्यकोठारे बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. सूनबाई त्याच्याबरोबरच असते. गेल्या चैत्रात त्यांना मुलगी झाली. आम्ही तिला अद्याप फोटोतच पाहिले आहे. नातीचा हा पहिला हिवाळा, तेव्हा तिच्यासाठी घोंगडी पाठवावी, असे आमच्या सौ.ने दिवाळीतच मनाशी ठरवले आणि तसे त्याला कळवले. आमच्या घरातले प्रत्येक मूल घोंगडीवर वाढले, एवढेच कारण तिने दिले होते. उत्तर सात पानांचे आले.

त्यांपैकी साडेपाच पाने तिकडच्या हिवाळ्याची होती. खिडक्यांना बाहेरून दुसऱ्या खिडक्या बसवाव्या लागतात. तळघरातील भट्टी रात्रंदिवस तेल जाळते. मोटारीचे इंजिन गोठू नये म्हणून तिला रात्रभर विजेची तार जोडून ठेवतात. दारात ठेवलेले दूध गोठून बाटलीचे झाकण वर उचलते आणि ते पाहून सूनबाईला रोज सकाळी हसू येते. बाळाचा बर्फात घालायचा पोशाख पुढच्या वर्षी आखूड होईल म्हणून नवा घ्यावा लागेल. प्रत्येक बाबीपुढे खर्चाचा आकडा होता. उरलेल्या दीड पानात निष्कर्ष होता: घर उबदार आहे, बाळाला घोंगडीची गरज नाही, आणि टपालखर्च घोंगडीच्या किमतीहून अधिक होईल. "वाहतूक मालाहून महाग पडत असेल तर तो व्यवहार सोडून द्यावा, हे मला तुम्हीच शिकवलेत, बाबा." अखेरीस एक सवलत दिलेली होती. आईचा हट्टच असेल तर घोंगडी पाळण्याच्या मापाची असावी, बावन्न इंच बाय सत्तावीस; त्याहून मोठी ठेवायला जागा नाही.

मी बी.कॉम. आहे आणि माझी सारी नोकरी पुण्याच्या एका व्यापारी पेढीत गेली आहे. मी त्याची आकडेमोड दोनदा तपासली. ती बरोबर होती. नंतर मी पाच दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला, आणि घोंगडी विणवून घ्यायला येतो म्हणून बारामतीपलीकडच्या शेळगावातल्या एका जुन्या मित्राला कळवले.

पौषातल्या एका पहाटे पुण्याहून निघालो. बारामतीला रेल्वेने जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दौंडला गाडी बदलावी लागते, आणि तिथून पुढची छोटी गाडी वेळापत्रकाला बांधील असते असे समजू नये. बरोबर शिदोरी आणि पांघरूण असावे. आमच्याजवळ शिदोरी होती. पांघरूण आणायलाच तर आम्ही निघालो होतो. डब्यात समोर दोन शेतकरी बसले होते. माळेगावच्या बाजूला उसाचा नवा सहकारी कारखाना, हा त्यांचा विषय होता.

"शेअर घेतलास व्हय?"

"घेतला की. कागद दिलाय छापील."

"कागदाला गोडी येती का?"

"पाच वर्सांनी चाटून सांगतो," दुसरा म्हणाला आणि त्याने विडी पेटवली.

भांडवलउभारणीवर मी पुष्कळ वाचले आहे. भागधारकाचा धीर इतक्या थोडक्यात मांडलेला मात्र कुठे आढळला नव्हता.

बारामतीला उतरलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते. स्टेशनबाहेरच्या भिंतीला पाठ लावून एक म्हातारा डोळे मिटून उन्हात बसला होता. टांगा मिळेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला श्रीधरची साडेपाच पाने आठवत होती. विनिपेगमध्ये जळणारे तेल, दुहेरी खिडक्या, विजेला जोडलेली मोटार, दरसाल आखूड होणारा पोशाख, या प्रत्येक गोष्टीची किंमत त्या देशाच्या उत्पन्नात जमा धरली जाते आणि तेवढ्याने तो देश अधिक श्रीमंत ठरतो. या म्हाताऱ्याला मिळत असलेली ऊब कोणत्याही तक्त्यात येत नाही. त्याच्या अंगात एकच विरलेली बंडी होती आणि तो गरीब होता, हे मी नाकारत नाही. परंतु जो तक्ता एका माणसाची थंडी मिळकत म्हणून मोजतो आणि दुसऱ्याचे ऊन मोजतच नाही, त्या तक्त्यापुढे मान तुकवायला मी तयार नाही.

हे मी टांग्यात सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "अहो, त्या म्हाताऱ्याला विचारा, त्याला तेलाची भट्टी हवी का म्हणून."

मी विचारले नाही.

दुपारी स्टेशन रस्त्याजवळच्या खाणावळीत जेवलो. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ताक, दोघांचे दीड रुपयात झाले. भाकरी मोजत नाहीत. रात्र एका परिचितांकडे काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरची एस.टी. धरली. काटेवाडीला एक बाई भाजीची भली मोठी टोपली घेऊन चढली.

"टोपलीचं तिकीट घ्या, मावशी," कंडक्टर म्हणाला.

"टोपली मांडीवर हाय. मांडीचं तिकीट काढलंय की."

"मांडी दिसंना झालीय टोपलीखाली."

"तुला कशाला दिसाय पायजे माझी मांडी?"

सगळी बस हसली. कंडक्टरने तिला एक वांगे मागितले आणि वाद मिटला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कालव्याच्या पाण्यावरचा ऊस उभा होता. उसाच्या बैलगाड्या समोरून आल्या की बसला बाजूच्या मातीत उतरावे लागे. एकवीस-बावीस मैलांना दोन तास लागले. या रस्त्याने जाणाऱ्यांनी डाव्या खिडकीशी बसावे, धूळ कमी लागते.

शेळगाव फाट्यावर बापूराव बैलगाडी घेऊन उभा होता. बापूराव माझा शाळेतला सोबती. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे होती. कालवा आल्यावर त्याच्या वडिलांनी जमीन धरली, आणि आता तो कांदा, वांगी, थोडा ऊस करतो. वीस-पंचवीस मेंढरे मात्र त्याने राखली आहेत, कारण त्याच्या आईला लोकर कातल्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही. या आजींचे वय कोणाला नक्की ठाऊक नाही. चाती, म्हणजे लोकर कातायची टकळी, त्यांच्या हातात सतत फिरत असते. आम्ही ओसरीवर टेकलो, तेव्हाही त्या सूत काढतच आमच्याशी बोलल्या.

कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ काळी लोकर त्या उन्हाळ्यापासूनच कातत होत्या; आमचे पत्र आल्यावर ते सूत त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवले होते. ते घेऊन आम्ही, बापूराव आणि आजींसह, गावातल्या सणगर आबांकडे गेलो. घोंगड्या विणणे हा सणगरांचा पिढीजात धंदा. अंगणात दुसऱ्या कुणाच्या घोंगडीचे उभे धागे लांबवर ताणलेले होते आणि आबा त्यांना चिंचोक्याची खळ कुंच्याने लावत होते. मी खिशातून लाकडी घडीची फूटपट्टी काढली.

"ह्ये काय?" आबांनी विचारले.

"माप. बावन्न इंच लांब, सत्तावीस इंच रुंद."

"लेकरू केवढं हाय?"

"नऊ महिन्यांचे."

"आन् धा वर्सांनी केवढं व्हईल?"

मी पट्टीची आणखी एक घडी उघडली.

"मग धा वर्सांची पट्टी आना, सायेब. म्या खेळण्यातलं घोंगडं इणत न्हाय."

मी व्यवहार्य तोड सुचवली. नेहमीच्या मापाची विणावी, आणि मग पाळण्यापुरती कापून द्यावी. उरलेल्या तुकड्याचे पैसेही मी देईन. आबांचा कुंचा थांबला. बापूराव शेजारच्या लिंबाकडे पाहू लागला. आपण काहीतरी गैर बोललो हे मला कळले. काय, ते कळले नाही.

"घोंगडं कापत न्हाईत," आबा शांतपणे म्हणाले. "कापलं की उसवतं. आन् सूत कुनाचं हाय? ह्या आजीचं. सहा म्हयनं कातलंय. कापायचं तर हिच्या म्होरं बसून तुमीच कापा. कातरी देतो."

आजींची चाती तेवढी फिरत राहिली.

माझ्यासारख्या माणसाकडून होणारी चूक हीच. पाळण्याला मी ग्राहक समजलो होतो. पाळणा दोन वर्षांत माळ्यावर जाईल. दरसाल आखूड होणाऱ्या ज्या पोशाखाला मी मनातल्या मनात हसलो होतो, तोच मी लोकरीचा शिवायला आलो होतो. मी फूटपट्टीची घडी केली आणि ती खिशात टाकली. तिकडे जागा नसेल, तर त्यांनी जागा करावी.

"मग माप कोणते?" मी विचारले.

"सहा हात. घरातल्या थोरल्या बाईच्या हातानं."

सौ. पुढे झाली. बांगड्या वर सारून तिने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दोरीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. सहा वेळा. तिचा हात लहान आहे. त्यामुळे घोंगडी आबांच्या नेहमीच्या मापाहून वीतभर आखूड भरणार होती. "चालंल," आबा म्हणाले. इतक्या वादात मला मिळाली ती एवढी वीत.

विणून, वाळून हातात यायला तीन दिवस लागणार होते. अठरा रुपये ठरले. ते तीन दिवस आम्ही बापूरावकडे राहिलो. सकाळी ओला हरभरा भाजून खाल्ला, दुपारी कालव्यावर गेलो. सौ. रोज सणगर आबांच्या मागाशी जाऊन बसे. तिने श्रीधरचे पत्र त्यांना वाचून दाखवले. दुधाच्या बाटलीची गोष्ट आबांनी दोनदा वाचायला लावली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घोंगडी आली. काळी, कडक, खळीचा वास असलेली, किनारीला पांढऱ्या सुताच्या दोन रेघा. आजींनी पहिल्यांदाच चाती बाजूला ठेवली आणि घोंगडीवरून हात फिरवला.

"कवा येनार लेकरू?"

"येणार नाही, आजी," सौ. म्हणाली. "आम्ही पाठवणार आहोत. टपालाने."

"टपालानं? आन् अंगावर कोन टाकनार?"

"म्हणजे?"

"आमच्यात लेकराचं पयलं घोंगडं आजी टाकती अंगावर. आजी नसंल तर आत्या. पोष्टमन न्हाय टाकत."

आम्ही सगळे हसलो. सौ.ही हसली, आणि तिने घोंगडीची घडी घातली. ती घडी तिला पुन्हा मोडून पुन्हा घालावी लागली.

परतताना इंदापूरमार्गे आलो. तिथे पुण्याची बस मिळते, आणि पार्सल शिवायला मांजरपाट व लाख घ्यायची होती. दुकानदाराने कापड फाडताना विचारले, "पार्सल लांब जाणार का?" मी म्हणालो, "कॅनडा." त्याने अर्धा वार जास्त फाडला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. लांबच्या पार्सलाला शिवण दुहेरी लागते, असे त्याचे म्हणणे. सोलापूरहून येणारी बस गच्च भरलेली होती. सौ.ने घोंगडी पुण्यापर्यंत मांडीवर धरली. घोंगडीचे तिकीट कोणी मागितले नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सौ. पार्सलची पिशवी शिवायला बसली. दोन बाजू झाल्या, तिसरी झाली. मी टेबलाशी दौत उघडून पत्ता लिहायला तयार होतो.

"अहो," ती म्हणाली, "पत्ता घालू नका."

"का?"

"पोष्टमन न्हाय टाकत," ती आजींच्या स्वरात म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

मी विरोध केला नाही. मी श्रीधरला पत्र लिहिले. ते एका पानाचेच झाले. तुझा हिशेब मला मान्य आहे, असे लिहिले. घर उबदार आहे आणि बाळाला घोंगडीची गरज नाही, हे तू सिद्ध केले आहेस. तेव्हा ती पाठवण्याचे कारण उरत नाही. माल इथे तयार आहे. वाहतूक मालाहून महाग पडते म्हणून आम्ही ती करणार नाही. ज्याचा माल आहे, त्याने येऊन उचलावा आणि बाळाला बरोबर आणावे. घोंगडी अंगावर टाकण्याचे काम तिच्या आजीने स्वतःकडे राखून ठेवले आहे.

घोंगडी सध्या कडुलिंबाचा पाला घालून त्या मांजरपाटाच्या पिशवीत आहे. पिशवीची चौथी बाजू शिवलेली नाही. दर रविवारी सौ. घोंगडी गच्चीत उन्हात घालते, आणि तिथेच तिच्याजवळ तांदूळ निवडत बसते. खळीचा कडकपणा आता थोडा उतरला आहे.

श्रीधरचे उत्तर मागच्या आठवड्यात आले. तिघांचे बोटीचे भाडे, बिनपगारी रजा, बंद घरातही चालू ठेवावी लागणारी भट्टी, परतीचा प्रवास, सारे त्याने ओळीने मांडले आहे आणि खाली बेरीज दिली आहे. बेरजेखाली दुसरे काही लिहिलेले नाही. येतो असेही नाही, येत नाही असेही नाही.

मी आकडेमोड दोनदा तपासली. ती बरोबर आहे. तसे मी त्याला उलटटपाली कळवले, आणि खाली एक ओळ घातली: घोंगडी सहा हात लांब आहे, आणि हात तुझ्या आईचा आहे.