मुराद करजीकरचं इंग्रजी

मुराद करजीकर या माणसाबद्दल बाळ टिपणीस यांना फार थोडं ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चार महिने, आठवड्यातून तीन दुपारी, दोघं समोरासमोर बसले. पण त्याच्या बायकोचं नाव सरांना कधी कळलं नाही, रोह्यात त्याचं घर नेमकं कुठे ते कळलं नाही, आणि चहात त्याला साखर किती लागते हेही त्यांनी पाहिलं नाही. लक्ष होतं ते फक्त त्याच्या वाक्यांकडे. गेल्या जुलैत तो तिकडे आखातात वारल्याची बातमी आली, तेव्हा सरांना त्याचा चेहरा आठवायलाही जरा वेळ लागला. आवाज मात्र लगेच आठवला.

टिपणीस सर बहात्तर वर्षांचे. पेणमधल्या एका शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि शिकवलं ते सगळं मराठीतून. धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची आणि मुलांनी ती पाठ करायची. निकाल नेहमी चांगले लागले. पण एकदा गणपतीचे कारखाने बघायला आलेल्या एका गोऱ्या जोडप्याने त्यांना भर बाजारात रस्ता विचारला, तेव्हा सरांनी हातानेच दिशा दाखवली आणि घाईघाईने दुसऱ्याच गल्लीत शिरले. ही गोष्ट त्यांनी घरीसुद्धा कुणाला सांगितली नव्हती.

असा माणूस इंग्रजी संभाषणाच्या वर्गावर कसा गेला, तर ऋजुताच्या आग्रहामुळे. ऋजुता त्यांची जुनी विद्यार्थिनी. मूर्तींच्या एका कारखान्यावरची खोली भाड्याने घेऊन तिने तो वर्ग चालवला होता. खाली कारागीर शाडूचे गोळे मळत असायचे, वर माणसं 'हाऊ आर यू' म्हणत असायची. दुपारी तीनची बॅच घेणारी बाई बाळंतपणासाठी माहेरी गेली, आणि ऋजुता सरांच्या दारात येऊन उभी राहिली. सर नाही म्हणाले. मग दोन दिवस वर्तमानपत्र चाळत घरात बसले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले.

ऋजुताने त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाला हवं ते बोलायला लावायचं आणि ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. शेवटच्या दिवशी पुन्हा तसंच, म्हणजे माणसाला आपली प्रगती आपल्याच कानांनी ऐकता येते. आणि दुसरी गोष्ट, पहिला महिनाभर कुणाची चूक काढायची नाही. "बोलू द्यायचं, सर. गाडा एकदा चालू झाला की मग वंगणाचं बघू," ती म्हणाली होती. सरांनी मान डोलावली होती.

मुराद नोव्हेंबरात आला. सत्तेचाळीस वर्षांचा, उन्हाने रापलेला, मानेजवळ जुन्या भाजल्याचा डाग. अठरा वर्षं आखातात क्रेन चालवलेली. कोरोनात कंपनी बंद पडली आणि तो रोह्याला परतला तो परतलाच. आता एका मोठ्या कंपनीत क्रेनचालकाची जागा निघाली होती. कागद पास झाले होते, हाताचं काम एजंटच्या यार्डात बघून झालं होतं. राहिली होती शेवटची मुलाखत, फेब्रुवारीत, व्हिडिओवर, इंग्रजीतून. ती जमली तर पुन्हा क्रेनवर. नाही जमली तर, त्या वयात, खाली उभं राहून ओझी उचलायची.

इंग्रजीचे वर्ग रोह्यातही होते. तरी हा पनवेलकडे जाणारी रेल्वेगाडी धरून पेणला यायचा. कारण त्याने पहिल्याच दिवशी हसत सांगितलं. मोहल्ल्यात कळलं असतं तर लोक म्हणाले असते, अठरा वर्षं तिकडं काय उंट राखलेस काय रे? त्याची मुलगी उमामा कॉलेजात होती, तिचं इंग्रजी चांगलं होतं. पण मुलीसमोर चुकायचं म्हणजे त्याला जिवावर यायचं. घरी तो सांगायचा, पेणला एकाची क्रेन दुरुस्तीला हाय.

त्या पहिल्या दिवशी ऋजुताने मोबाईल समोर ठेवला आणि काहीही बोला म्हणाली. मुराद उभा राहिला आणि हात हलवत सुरू झाला. त्याचं इंग्रजी कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. फिलिपिनो फोरमन, केरळी वेल्डर आणि पठाण ड्रायव्हर यांच्यात अठरा वर्षं घासून तयार झालेलं ते हत्यार होतं. "माय क्रेन, व्हेरी बिग. विंड कम. बॉस से, लिफ्ट. आय से, नो लिफ्ट. बॉस से, मुराद, लिफ्ट! आय से, ओके बॉस, यू कम अप, यू लिफ्ट. आय गो टी." आणि दोन्ही हातांनी त्याने वाऱ्यात झुलणारं ओझं, घाबरलेला साहेब आणि स्वतःचा चहाचा कप असं सगळं दाखवलं. वर्गातली सहा-सात माणसं पोट धरून हसली. वडखळच्या एका बाईला तर इंग्रजीचा ओ का ठो येत नव्हता, तिलाही सगळं समजलं.

सरही हसले. पण हसता हसता त्यांनी मनात चुका मोजल्या होत्या.

महिनाभर काही बोलायचं नाही हा नियम त्यांनी आठवडाभर पाळला. मग पेन्सिल हातात आली. चूक झाली की सर तोंडाने काही म्हणत नसत, तो त्यांचा स्वभावच नव्हता. फक्त पेन्सिल टेबलावर एकदा वाजवायचे. टक. शाळेत बत्तीस वर्षं वाजवली होती तशी. मुलं त्या टकटकीला सरावलेली असायची, निम्मी तर ऐकायचीच नाहीत. मुराद मात्र जागच्या जागी थांबायचा. अर्धा शब्द तोंडात असला तरी थांबायचा आणि सरांकडे बघायचा. सर बरोबर वाक्य सांगायचे, तो ते म्हणायचा, पुढे निघायचा, पुन्हा टक.

एकदा ऋजुताने त्याला विचारलं, इतकं एकदम का थांबता? तो म्हणाला, "साईटवर थांबायची खूण कोणी पण दिली तरी थांबायचं, मॅडम. झाडूवाल्यानी दिली तरी. वर माल लटकलेला असतो. आधी थांबायचं, मंग विचारायचं. जो नाय थांबला त्याच्या हाताखाली माणूस मेला म्हणून समजा."

सरांना ते ऐकून बरं वाटलं. शिस्तीचा माणूस आहे, असं ते घरी येऊन म्हणालेही. ऋजुताच्या कपाळावर मात्र आठी पडली होती. ती त्यांनी पाहिली, आणि पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. कारण उघड होतं. नुसत्या गप्पा मारायच्या म्हटलं तर सरांकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. चुका काढायच्या म्हटलं की ते पुन्हा टिपणीस सर होते.

डिसेंबरात त्यांनी मुरादसाठी दोनशे पानी वही घेतली. मुलाखतीत येतील अशा प्रश्नांची एकवीस उत्तरं त्यांनी स्वतः रचली, वळणदार अक्षरात, देवनागरीत लिहून दिली. शुद्ध, सुबक, लांब वाक्यं. अकरावं उत्तर सुरक्षिततेवर होतं. ते रचायला त्यांना दोन दिवस लागले होते. मुराद ती वही गाडीत वाचायचा. नागोठणं येईपर्यंत तीन उत्तरं होतात, म्हणायचा. जानेवारीअखेर त्याला एकवीसही तोंडपाठ झाली. मध्येच कुणी विचारलं तर मात्र त्याला पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागायची, पाढे म्हणणाऱ्या मुलासारखी. आणि गोष्टी सांगणं त्याने सोडून दिलं होतं. वडखळची बाई एकदा म्हणाली, "काय वो भाऊ, तुमची ती वाऱ्याची गम्मत सांगा ना." मुराद उभा राहिला, 'द विंड' म्हणाला, सरांकडे पाहिलं आणि ओशाळं हसून खाली बसला. सरांनी पेन्सिल वाजवलीसुद्धा नव्हती.

मुलाखत वर्गातच झाली, कारण तिथे नेट चांगलं होतं. खालच्या कारखान्यात ऋजुताने तासभर ठोकाठोक बंद ठेवायला सांगितली. मुरादने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सर कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बाजूला बसले, पेन्सिल मुद्दाम खिशात ठेवून. पडद्यावरचा साहेब भला माणूस वाटला. नाव, गाव, अनुभव. मुरादने पहिलं, दुसरं, चौथं उत्तर खणखणीत म्हटलं. सरांचा ऊर भरून आला.

मग साहेब खुर्चीत मागे रेलला आणि सहज म्हणाला, तुम्ही कधी लिफ्ट करायला नकार दिला आहे का? काय झालं होतं, सांगा.

सरांना वाटलं, जिंकलं. यापेक्षा सोपा प्रश्न या माणसाला जगात कुणी विचारला नसता.

मुरादचे हात टेबलावरून वर उचलले गेले. "विंड," तो म्हणाला. आणि थांबला. मान थोडी वळली, डोळे सरांकडे आले. सरांनी जोरात मान हलवली, बोला, बोला. "द विंड..." पुन्हा थांबला, पुन्हा पाहिलं. तो टकची वाट बघत होता. ती येत नव्हती, म्हणून त्याला पुढे जावं की नाही कळत नव्हतं. हात हळूहळू खाली आले. साहेबाने तोच प्रश्न आणखी सोपा करून विचारला. तेव्हा मुरादने समोर बघून अकरावं उत्तर सुरू केलं, सुरक्षितता हे प्रत्येक कामगाराचं आद्य कर्तव्य आहे वगैरे. साहेबाने मध्येच नम्रपणे अडवलं. मुराद थांबला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला. तिसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा साहेबाने आभार मानले.

ऋजुताने लॅपटॉप मिटला. मुराद म्हणाला, "झालं काय ओ?" तो पाणी प्यायला बाहेर गेला, तेव्हा ती सरांना म्हणाली, आवाज न चढवता म्हणाली, "आला तेव्हा बोलत होता, सर."

त्यानंतर सर वर्गावर गेले नाहीत. पाठ धरली आहे असं कळवलं. नकार आल्याचं ऋजुतानेच फोनवर सांगितलं. मुरादला एकदा भेटावं आणि सांगावं, तुमचं काही चुकलं नाही, मी तुमच्या तोंडातलं काढून घेतलं, असं ते रोज सकाळी ठरवायचे. दुपारपर्यंत वाक्य जुळायचं आणि संध्याकाळपर्यंत मोडायचं. मराठीतलं वाक्य, तरी त्यांना बोलता येईना.

जुलैत उमामाचा फोन आला. वडिलांच्या वहीच्या पहिल्या पानावर सरांचा नंबर होता. मुलगी रडत नव्हती, रडून झालेली असावी. साईटवर सामान उतरवताना अब्बांच्या छातीत कळ आली, म्हणाली. भर दुपारची वेळ होती. दफन तिकडेच झालं. मग ती जरा घुटमळली. अब्बांनी अशात घरी सगळं सांगितलं होतं, क्रेन दुरुस्तीचं खोटं होतं तेही. तुमच्या क्लासात आवाज रेकॉर्ड करतात म्हणाले होते. तो मिळेल का? आमच्याकडे त्यांचा आवाज असा नाय कुठं. फोनवर बोलायचे तेवढाच.

सर त्याच दिवशी कारखान्याचा जिना चढले. ऋजुताकडे दोन्ही रेकॉर्डिंगं होती. तिने दोन्ही लावली. पहिलं चार मिनिटांचं. मुराद बोलतोय, माणसं हसतायत, त्यात एक म्हातारं हसणं सरांचं. दुसरं फेब्रुवारीतलं, पाऊण मिनिटाचं. दोन शब्द, टक, शांतता. तीन शब्द, टक, शांतता. पाऊण मिनिटात सरांनी आठदा पेन्सिल वाजवली होती. कान देऊन ऐकल्यावर कळलं, पेन्सिल न वाजताही तो दोनदा थांबला होता.

"पहिलं पाठव," सर म्हणाले.

"आणि हे?"

सर जिन्याकडे वळले. ऋजुताने ते पुसलं नाही, पाठवलंही नाही. उमामाचं उत्तर संध्याकाळी आलं. तिने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

मुरादची आणि त्यांची शेवटची भेट त्याआधीची, एप्रिलमधली. तो निरोप घ्यायला पेणला आला होता, सरळ सरांच्या घरी. वालाची पिशवी त्याने दारातच ठेवली. हेल्परचा व्हिसा मिळाला म्हणाला. मुलाखत नाय, काय नाय. तिकडं कोण बोलतं, सर, माल उचलायचा नि ठेवायचा. हे तो हसून म्हणाला, आणि सरांनी शिकवलं त्याबद्दल त्याने दोनदा आभार मानले. रेल्वेला अजून अवकाश होता म्हणून तो एसटीने जाणार होता. सर चप्पल घालून त्याच्यासोबत स्टँडपर्यंत गेले. वाटेत सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. "मुरादभाई, त्या मुलाखतीच्या दिवशी..." एवढं ते म्हणालेही. मुराद लगेच थांबला, रस्त्याच्या मधोमध, आणि त्यांच्याकडे वळून ऐकत उभा राहिला. मागून रिक्षाने हॉर्न दिला. सर म्हणाले, "काही नाही. चला." पुढे तो उमामाच्या परीक्षेबद्दल बोलत राहिला आणि सर ऐकत राहिले.

रोह्याची एसटी लागलेलीच होती.

"मागे जागा दिसतेय," सर म्हणाले.

"व्हय, हाय. बसतो मी. तुम्ही सावलीतनं जा, सर."

"जातो. पाणी घेतलंत का बरोबर?"

"घेतलंय."